ज्याला माझी टेप पुरली नाही

माझ्या मेहुण्याला सगळे जॅक म्हणतात. तो टायरच्या दुकानात कामाला आहे. एकदा ऐन गर्दीच्या वेळी दुकानातला जॅक मोडला. मालक शिव्या घालत दुसरा शोधायला गेला, तोवर या पठ्ठ्याने गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी उचलून धरला आणि जोडीदाराला म्हणाला, "काढ चाक." जोडीदाराने चाक काढलं, दुसरं बसवलं, नट आवळले. मालक परत आला तेव्हा गाडी निघूनही गेली होती. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त त्याच्या आईच्या तोंडी उरलं, आणि रागावली की तीही जॅकच म्हणते.

मी शिंपी. माणूस समोर आला की मला आधी त्याचे खांदे दिसतात, तोंड मागाहून. लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोच्या या भावाचा शर्ट शिवायला घेतला, त्याच्या छातीभोवती टेप फिरवली, तर टेपची दोन टोकं एकमेकांना भेटेनात. मला वाटलं, मागे कुठेतरी अडकली. मागे जाऊन पाहिलं. पाठीवर टेप सरळ पडली होती, फक्त पाठच संपत नव्हती.

"श्वास सोड," मी म्हणालो.

"सोडलाय, दाजी."

शेवटी सुतळीने माप घेतलं. बायको दारात उभी राहून पोट धरून हसत होती. इतकी वर्षं या धंद्यात घालवली, ढेरपोटे पाहिले, लग्नात फुगलेले नवरदेव पाहिले, पण टेपने हात टेकलेले मी त्याच दिवशी पाहिले.

ताकदीच्या स्पर्धा म्हणजे काय, हे मला त्याच्यामुळे कळलं. तिथे माणसाशी झुंजायचं नसतं, वस्तूशी झुंजायचं असतं. गुळगुळीत दगडी गोळे जमिनीवरून उचलून छातीएवढ्या ओट्यावर ठेवायचे. दोन हातांत दोन लोखंडी पेट्या घेऊन धावायचं. आणि शेवटी अंगाला दोर बांधून ट्रक ओढायचा. ट्रकच्या वेळी सुरुवातीला काहीच होत नाही. माणूस जवळजवळ आडवा झालेला असतो, मानेच्या शिरा टरारलेल्या, चेहरा लालबुंद, आणि ट्रक आपला ढिम्म उभा. बघणाऱ्याला वाटतं, झालं, आता याचंच काहीतरी तुटणार. आणि मग चाकाखाली एक बारीक खडा करकरतो. तेवढाच. त्या खड्याचा आवाज आला की माझ्या अंगावर काटा यायचा. मी खरं तर तो खडा ऐकायलाच जायचो.

सासूबाईही प्रत्येक स्पर्धेला यायच्या. पहिल्या रांगेत बसायच्या, आणि जॅकने वजनाला हात घातला की उठून पाठ करून उभ्या राहायच्या. सगळं मैदान जॅककडे बघत असायचं आणि ही एकटी बाई मैदानाकडे. नवख्या लोकांना हसू यायचं. आम्हाला यायचं नाही, कारण आम्हाला कारण माहीत होतं. जॅकचे वडील गोदामात हमाल होते. एक दिवस सासूबाई त्यांचा डबा घेऊन गेल्या तेव्हा ते पाठीवर लोखंडी तिजोरी घेऊन जिना चढत होते. डबा बघून ते हसले, श्वास कोंडून पुढची पायरी चढले, आणि तिथेच गेले. सासूबाईंनी ते खालून पाहिलं. तेव्हापासून कुणी साधी बादली उचलायला श्वास कोंडला तरी त्या मान फिरवतात. पण पोरगा स्पर्धेत उतरतो म्हटल्यावर घरी बसवतही नव्हतं. म्हणून यायच्या, आणि पाठ करून उभ्या राहायच्या.

वजन खाली आलं की न वळता मला विचारायच्या, "जावईबापू, झालं?"

"झालं," मी म्हणायचो. मग त्या वळायच्या.

जॅकने बक्षिसं ढिगाने मिळवली. टायरच्या दुकानात, हवा भरायच्या यंत्राच्या वर, त्यांची एक फळीच आहे. पण एकदा माझ्याकडे बाह्या लांब करायला आला असताना तो म्हणाला, "दाजी, सगळ्यांनी पाहिलं मला. आईने एकदा पाहावं."

"सांग की तिला."

"सांगितलं. म्हणाली, तुझ्या बापाकडे पाहिलं तेवढं पुरे."

मी बाही उसवत बसलो.

मग तो दगडाचा दिवस आला. शेवटचा गोळा, सगळ्यांत मोठा. जॅकने तो मांडीवर घेतला, मिठी मारली, आणि वर ढकलताना एक आवाज आला. तो आवाज मी ओळखला, कारण मी तो रोज ऐकतो. ओला मांजरपाट हाताने फाडला की येतो तो. मला वाटलं, शर्ट फाटला. पण जॅकच्या अंगात शर्ट नव्हता. त्याच्या डाव्या दंडातलं मांस माझ्या डोळ्यांदेखत कोपरापासून सुटून खांद्याकडे सरकलं. आणि गोळा? गोळा त्याने ओट्यावर ठेवला. एका हाताने आणि छातीने, पण ठेवला. मी देवाधर्माच्या भानगडीत फारसा पडत नाही, पण त्या क्षणी माझे हात आपोआप जोडले गेले होते.

"झालं?" सासूबाईंनी पाठ करूनच विचारलं.

जॅकने माझ्याकडे पाहून मान हलवली. नको, सांगू नको.

"झालं," मी म्हणालो. त्या वळल्या तोवर त्याने टॉवेल डाव्या दंडावर टाकला होता.

घरी त्याने मुरगळलंय म्हणून सांगितलं, आणि त्या मुरगळलेल्या हाताने टायरही बदलत राहिला. बायकोने त्याला अक्षरशः ओढत डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, तुटलेला स्नायू आता खाली आणून शिवता येणार नाही. (शिवता येणार नाही, हे शब्द ऐकून मला फार राग आला. कापड असतं तर मी त्यांना दाखवलं असतं.) रोजची कामं होतील, असंही म्हणाले, पण ती अवजड वजनं बंद. डाव्याचा भार उजवा घेईल आणि एक दिवस उजवाही जाईल. आईला यातलं काहीच सांगायचं नाही, असं जॅकने आम्हाला बजावलं. मी त्याला लांब, ढगळ बाह्यांचे शर्ट शिवून दिले.

पुढचे काही महिने तो माझ्या दुकानात येऊन बाकावर नुसता बसायचा. बाक करकरायचा, तेवढाच आवाज. एवढा मोठा माणूस इतका गप्प बसलेला बघवत नाही. गिऱ्हाइकं दारातूनच परत जायची, ते वेगळं.

त्याला उठवलं ते आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने. हा सलूनवाला तरुणपणी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा गाजवून आलेला. आरशावर त्याचा तेव्हाचा फोटो आहे, आणि गिऱ्हाइकाने तो पाहिल्याशिवाय तो वस्तरा हातात घेत नाही. त्याचं माझं फारसं पटत नाही. तो म्हणतो, शिंपी माणसाला झाकतो आणि मी उघडा करतो.

तो जॅकला म्हणाला, "उचलायचं नाही ना? नको उचलू. दाखव."

"काय दाखव?"

"उचलून उचलून जे झालंय ते. हलक्या वजनांवर घासू, चरबी काढू, रंग लावू, मंचावर उभा करू. हातात काही घ्यायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

जॅक बाकावर सरसावून बसला. "हातात काहीच नसतं?"

"काहीच नाही. अंगावरसुद्धा जवळजवळ काहीच नाही."

"मग आई बघेल," जॅक म्हणाला.

सलूनवाल्याला त्याचा अर्थ कळला नाही, मला कळला. डाव्या दंडाचे गुण जातील, हे सलूनवाल्याने आधीच सांगून टाकलं. दोन्ही दंड वर करून दाखवायची पोझ सगळ्यांना सक्तीची असते, त्यातून सुटका नाही. आणि आईला तो दंड दिसेल त्याचं काय, असं मी विचारलं. "लांबून काय कळतंय तिला," जॅक म्हणाला. त्याला गुणांशी देणंघेणं नव्हतं. त्याला पहिल्या रांगेतली एक बाई समोर तोंड करून बसलेली हवी होती.

त्यानंतर जे मी पाहिलं ते ट्रक ओढण्यापेक्षा अवघड होतं. ट्रक थोड्या वेळात ओढून होतो. हा माणूस दीड वर्ष उकडलेलं चिकन आणि बिनमिठाचा भात खात राहिला. बहिणीच्या घरी जेवायला यायचा तो स्वतःचा डबा घेऊन यायचा आणि आमच्या ताटांकडे पाहायचाही नाही. दर थोड्या दिवसांनी कपडे आत घ्यायला आणायचा. मी एक शिवण आत घ्यायचो, मग दुसरी, मग शर्ट उसवून नवाच बेतायचो. एक दिवस सवयीने सुतळी काढली, तर तो म्हणाला, "टेप लावून बघा ना." टेप पुरली. वर बोटभर उरलीसुद्धा. पण मी त्याच्या मागे गेलो आणि माझा हात तिथेच थांबला. वरची चरबी गेली होती आणि आतली पाठ बाहेर आली होती. ओढलेला एकेक ट्रक, उचललेला एकेक दगड त्या पाठीवर दिसत होता, मांसाची एकेक दोरी वेगळी. एवढी वर्षं हे सगळं आत होतं आणि मी त्यावर शर्ट शिवत होतो!

अडचण वेगळीच निघाली. जॅकला उभं राहता येईना.

सलून बंद असायचं त्या वारी पोझचा सराव चाले. समोर आरसे, मागे आरसे, मध्ये खुर्च्या सरकवून केलेली जागा. सलूनवाला म्हणायचा, "दंड वर घे, पोट आत, श्वास चालू, चेहरा हसरा." जॅक दंड वर घ्यायचा, आणि जोर लावला रे लावला की श्वास कोंडायचा, पोट टम्म पुढे यायचं आणि चेहरा ट्रक ओढल्यासारखा व्हायचा. त्याचा दोष नव्हता. ताकदीच्या स्पर्धेत कमरेच्या पट्ट्याआड पोटात श्वास भरून ते दगडासारखं कडक करावं लागतं, नाहीतर पाठ जाते. तीच सवय त्याच्या हाडामासात भिनली होती. आणि इथे मंचावर पोट पुढे आलं की संपलं.

"अरे, तुला कोण उचलायला सांगतंय?" सलूनवाला ओरडायचा. "आरशात बघ! लहान पोरं घाबरतील!"

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते पाहत होतो. मला पोटाच्या गुणांची फिकीर नव्हती. पण मंचावर असा श्वास कोंडलेला चेहरा दिसला की सासूबाई उठणार आणि पाठ फिरवणार. हातात दगड असो नसो.

पुढच्या सरावाला मी खिशात कच्च्या टाक्याचा दोरा घेऊन गेलो. हा दोरा आम्ही कापड तात्पुरतं जोडायला वापरतो. मुद्दाम कमजोर असतो, बोटाने ओढला की तुटतो. जॅकचं पोट आत असताना तो मी त्याच्या कमरेभोवती बेताचा बांधला.

"हा तुटला की तू चुकलास," मी म्हणालो. "तुला कुणी ओरडणार नाही. नुसता दोरा तुटेल."

त्याने दंड वर घेतले. टक्. मी दुसरा बांधला. टक्. सलूनच्या फरशीवर केसांऐवजी दोरे पडायला लागले. ज्याने ट्रक ओढले त्याला त्या कच्च्या दोऱ्याने घाम फोडला. जॅक जेवताना, टायर बदलताना, शर्टाच्या आत तो दोरा बांधून राहू लागला. टायरच्या दुकानावरून जाता-येता मी विचारायचो, "आहे?" तो मान खाली घालून म्हणायचा, "तुटला." रीळच्या रीळ संपलं. आणि एक दिवस त्याने गाडीचा नट आवळता आवळता अंगठा वर केला. सकाळपासून दोरा शाबूत होता. मला इतका आनंद झाला की मी एका गिऱ्हाइकाची पॅन्ट उलट बाजूने शिवली.

कातडी स्नायूंना चिकटून दिसावी म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून त्याने पाणी जवळपास बंद केलं. मग रंग. मंचावरच्या प्रखर दिव्यांत कातडी फिकी दिसते म्हणून सगळ्या अंगाला गडद तपकिरी रंगाचे हात देतात. तो लागला की माणसाने कशाला टेकायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. हात लागेल तिथे डाग. बायकोने जुन्या चादरी घरभर अंथरल्या आणि भावाला सोफ्यापासून झाडूने हुसकावत राहिली. चड्डी मी शिवली होती. माझ्या हयातीत इतक्या कमी कापडात इतकी मेहनत मी कधी केली नाही.

स्पर्धेचं सभागृह पहिल्या मजल्यावर होतं आणि दगडी जिना उंच पायऱ्यांचा. सासूबाईंचे गुडघे गेलेले. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने बायको, असं करत त्यांना वर नेलं. त्यांनी ठेवणीतली साय रंगाची शाल घेतली होती. तिची किनार मीच शिवलेली. त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, नक्की काही उचलायचं नाही ना?"

"नक्की नाही."

"मग एवढ्या लोकांनी काय बघायचं?"

"त्याला," मी म्हणालो.

जॅक मंचावर आला. आधी सगळे रांगेत उभे राहिले. बाकीचे मुलगे कातीव, गुळगुळीत, जॅकपेक्षा कितीतरी लहान. मग एकेकाला पुढे बोलावून पोझ. जॅक पुढे आला, आधी पाठ करायची होती. तो वळला, हात कमरेवर टेकवले आणि पाठ उघडली.

मग मागच्या बाजूने कुणीतरी नुसतंच "अगं आई गं" म्हणालं. मंचावरचे इतर स्पर्धकही वाकून बघत होते. मला ती पाठ माहीत होती, तरी मी खुर्चीतून पुढे सरकलो. सलूनवाल्याने माझा हात घट्ट धरला होता आणि आमचं पटत नाही हे दोघेही विसरलो होतो. सासूबाई बघत होत्या. डोळ्यांची पापणी न लववता बघत होत्या.

मग तो समोर वळला. दोन्ही दंड वर घ्यायची पोझ. पाणी नाही, अंगात त्राण नाही, डोळ्यांवर दिवे. त्याने जोर लावला आणि मी पाहिलं, श्वास कोंडला. पोट पुढे यायला लागलं. चेहरा ताठरला, जबडा आवळला. तोच चेहरा. सलूनवाला दातांखाली पुटपुटला, "श्वास, श्वास घे, गाढवा."

सासूबाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला. त्या उठल्या. आणि वळू लागल्या.

जॅकने ते पाहिलं. मंचावरून समोरचं फार काही दिसत नाही म्हणतात, पण त्याने ते पाहिलं. त्याची छाती एकदम खाली आली, श्वास सुटला, पोट आत गेलं. जबडा सुटला आणि तो हसला. शिकवलेलं ते दात दाखवणारं हसू नव्हतं, लहानपणी काहीतरी सांडून ठेवल्यावर आईकडे बघून हसत असेल तसलं. दंड वरच होते. कमरेला दोरा नव्हता, पण असता तर तुटला नसता, हे मी शपथेवर सांगतो.

सासूबाई अर्ध्या वळल्या होत्या. त्या परत फिरल्या. आणि त्यांना डावा दंड दिसला.

उजव्या दंडावर डोंगर होता. डाव्यावर खांद्याजवळ एक गोळा आणि कोपराच्या वर खोल खड्डा. एवढ्या दिव्यांत ते लांबून न कळायला माणूस आंधळाच लागला असता. मागच्या रांगेतला एक जण हसत म्हणाला, "डावं चाक पंक्चर आहे." मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, समोर तोंड करून, त्याच्या सगळ्या पोझ संपेपर्यंत. मागचे लोक बसा बसा म्हणत होते. त्या बसल्या नाहीत.

जॅक पाचवा आला. परीक्षक म्हणाले, अशी पाठ पाहिली नाही, पण दोन हात दोन माणसांचे आहेत.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी तो आमची वाट बघत उभा होता. नुसती चड्डी, अंगभर तो तपकिरी रंग, कुणाला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरलेले. सासूबाई सरळ त्याच्याजवळ गेल्या आणि त्यांनी त्या डाव्या दंडातल्या खड्ड्यात हात ठेवला.

"आई, रंग लागेल," तो म्हणाला.

"हे कधी झालं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"शेवटच्या दगडाला," तो म्हणाला.

"मी तिथेच होते."

"हो."

"मी पाठ करून उभी होते." त्यांचा हात खड्ड्यातून निघेना. "आणि तू तो दगड ठेवलास?"

"ठेवला."

"या हाताने?"

"तो सुटला होता. दुसऱ्याने ठेवला."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण त्यांनी ते पुसलं नाही, कारण तळहात रंगाने भरला होता. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं. उंच पायऱ्या, लोक उतरत होते.

"मला खाली ने," त्या म्हणाल्या.

"दाजी धरतील तुला. माझ्या अंगाला..."

"जावईबापूंना नाही सांगितलं. तुला सांगितलं. उचल मला. मला बघायचंय."

माझी बायको पुढे व्हायला लागली, मी तिला अडवलं. जॅक वाकला, उजवा हात गुडघ्यांखाली, डावा पाठीमागे, आणि त्याने आईला उचललं. ती बाई असेल किती, गव्हाच्या पोत्याएवढीसुद्धा नाही. पण त्याला उचलताना मी आजवर जितक्या वेळा पाहिलं त्यात माझा श्वास फक्त याच वेळी कोंडला. त्याचा नाही. तो श्वास घेत होता, सावकाश, एकेका पायरीला. त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, अगदी जवळून. जिन्यावरचे लोक भिंतीला चिकटून वाट देत होते.

खाली ठेवल्यावर त्या न विचारताच म्हणाल्या, "झालं."

आठवड्याने त्या माझ्या दुकानात आल्या. पिशवीतून ती साय रंगाची शाल काढून मशीनवर पसरली. तिच्यावर एक मोठा तपकिरी हात उमटला होता, पाची बोटं स्वच्छ, आणि बाजूला छातीचा एक पट्टा. मी डाग पाहिला, कापड चिमटीत धरलं आणि म्हणालो, "काळजी नको, आई. हा रंग पक्का नसतो. पहिल्या धुण्यात निघून जाईल."

सासूबाईंचा चेहरा उतरला.

"तेच विचारायला आले होते, जावईबापू," त्या म्हणाल्या. "जाऊ नये म्हणून काय करायचं?"